माऊच्या वाटचा चेहरा

१२ जानेवारी, रविवार

धाकटे,

फोन करू नकोस म्हणालीस, म्हणून लिहितेय. माझा आवाज ऐकला की पोर बिथरते आणि मग तुला तिला सावरत बसावं लागतं, हे कळलं. पत्राला आवाज नसतो, तेव्हा एवढं चालेल असं धरते. वाचायचं नसेल तर पार्सलमधलं सामान तेवढं काढून घे आणि हे बाजूला ठेव.

पार्सलमध्ये तिचा हिरवा स्वेटर आहे. एक मोजा आहे, पलंगाखाली सापडला. त्याचा जोडीदार तिच्या पायात गेला असणार. आणि पत्र्याच्या डबीत तिची बटणं आहेत. ती टाकून देऊ नकोस. तू आता तिला तिच्या शाळेतल्या नावाने हाक मारतेस, तेच बरोबर आहे, पण इथे पाच वर्षं ती खारूच होती. हाताला लागेल ते खारीसारखं साठवायची, कधी खिशात, कधी गालात. एकदा मी बसवायला काढलेला कवळीचा दात तिच्या गालातून बाहेर काढला होता. गिऱ्हाईक बाहेर ताटकळलेलं. स्वच्छ धुऊन, पुन्हा पॉलिश मारून बसवून दिला. हे कुणाला सांगू नकोस.

माझं ठीक चाललंय. लॅब आहे, काम आहे. दिवसभर मेणात दात बसवते, वरचे, खालचे, आणि संध्याकाळी घरी येते. आमचा पॉलिशवाला रोज चौकशी करतो. "ताई, घर मोकळं मोकळं वाटत असेल ना?" मी म्हणते, "हो, झाडायला सोपं पडतं." यावर तो आपलं पॉलिशचं चाक सुरू करतो.

निघताना दारात तू मला दगड म्हणालीस. "पोर रडून रडून अर्धी झाली आणि तू पिशव्या मोजतेयस, ताई?" मी खरंच पिशव्या मोजत होते. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, कुणीतरी मोजायला हव्या होत्या. तू जहाजावर होतीस तोवर ती माझ्याकडे राहिली, आता तुला बंदराच्या ऑफिसात जमिनीवरची नोकरी लागली, लेकीला घेऊन गेलीस. आई आहेस, नेणारच. त्यात माझं काही म्हणणं नाही. पण मला तेव्हाही काही झालं नाही आणि अजून काही होत नाही, हे मात्र खरं. दात काढायच्या आधी सुई देतात ना, मग काहीतरी ओढलं जातंय एवढं कळतं, दुखत नाही. तसं आहे. जेवण जातं, झोप लागते.

घड्याळांचं सांगायचं राहिलं. खारूच्या शाळेने दिलेली ती दोन घड्याळं. घरातल्या एका मोठ्या माणसाला एक आणि मुलाला एक. दिवसातून तीनदा थरथरतात आणि काचेवर चेहरे येतात. हसरा, पोट धरून हसणारा, रडका, रागावलेला, घाबरलेला, पेंगणारा आणि एक सरळ तोंडाचा. त्या क्षणी जसं वाटत असेल तो चेहरा दाबायचा. माणसाला रोजच्या जगण्यात काय काय वाटतं ते चेहरेवाल्या बाई यातून मोजतायत. (त्यांचं पद लांबलचक आहे, शाळेत सगळे चेहरेवाल्या बाईच म्हणतात.) त्या म्हणाल्या, घर बदललं तरी वर्ष पुरं होऊ दे, मुलीचा तक्ता आता आईच्या फोनवर पाठवू. तेव्हा तिला दाबत राहू दे. दिसायला दोन्ही सारखीच, पाठीवर माझ्या अ आणि तिच्या ब असं अक्षर चिकटवलंय, एवढाच फरक. पाण्यापासून जप.

पूर्वी माझं तीच दाबायची. शाळा सुटली की लॅबमध्ये येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची. माझ्या हाताला मेण नाहीतर प्लॅस्टर, घड्याळ एप्रनच्या खिशात. ते थरथरलं की मी म्हणायची, "खारू, दाब गं माझं." ती माझं तोंड निरखून बघायची आणि दाबायची. काय दाबलंस, असं मी कधी विचारलं नाही. आता हात पुसून माझं मीच दाबते. सरळ तोंडाचा. सकाळी सरळ तोंडाचा, दुपारी सरळ तोंडाचा, संध्याकाळीही तोच.

एकच मागणं आहे. सुट्टी लागली की तिला थोडे दिवस इकडे पाठवशील का? टॅक्सीच्या मागच्या काचेतून ती माझ्याकडे बघत होती आणि मी हातात पिशव्यांची यादी धरून उभी होते. आपल्या माऊला, म्हणजे मला, काहीच वाटलं नाही, असं मनात धरून ती गेली असणार. ते तिच्या मनातून मला काढायचंय. कसं काढणार ते माहीत नाही, पण त्यासाठी ती समोर हवी.

तुझी ताई


२ फेब्रुवारी, रविवार

धाकटे,

उत्तर आलं नाही. पार्सल पोचलेलं दिसतंय, पोस्टाच्या कागदावर सही तुझीच आहे. म्हणजे स्वेटर मिळाला. आता तिला तो आखूड होत असेल.

काल चेहरेवाल्या बाईंचा फोन आला होता. भारी खूश होत्या. म्हणाल्या, "तुमचं कौतुक वाटतं हो. मुलगी गेल्यावर सुरुवातीला बरेच रडके चेहरे आले, ते साहजिक होतं. पण आता पुन्हा हसरे येतायत, अगदी पूर्वीसारखे. सावरलात तुम्ही." मी हूं म्हटलं. मी सरळवाला दाबते आणि त्यांच्याकडे हसरा उमटतो, तर माझ्या वयाच्या बाईचं सरळ तोंड म्हणजे हसणंच, असा काहीतरी त्यांच्याकडे हिशेब असेल. रडके कधी दाबले तेही आठवेना. वाद घालायचं जिवावर आलं. त्यांच्या मशीनला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल, असं म्हणून फोन ठेवला.

पॉलिशवाल्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "ताई, तुमचा तक्ता हसरा? मशीनला चष्मा लावा म्हणावं." मग मला चहा आणून दिला. तो थोडा खुळा आहे, पण वाईट नाही.

परवा लॅबमधून लवकर सुटले आणि चालता चालता खारूच्या शाळेसमोर जाऊन थांबले. पायांना सवय आहे, त्यांना कोण सांगणार? पोरं बाहेर पडत होती. फाटकावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमची तर गेली ना?" मी "हो, गेली" म्हटलं आणि तिथून काढता पाय घेतला. घरी येऊन अंडी उकडली. दोन उकडली. एक डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी खाल्लं.

तू रागावलेली आहेस, ते मला मान्य आहे. ती तुझ्याआधी मला हाक मारते, झोपेत माऊ म्हणते, हे आईला झोंबणारच. मी तिला शिकवलेलं नाही ते. पण शिकवलं नाही तेही सिद्ध करता येत नाही, तेव्हा गप्प बसते.

सुट्टीचं तेवढं कळव.

ताई


२० फेब्रुवारी, गुरुवार

धाकटे,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं असेल असं वाटलं होतं, चार पानं निघाली. दुपारच्या सुट्टीत दोनदा वाचलं.

तू लिहितेस, तुझ्या फोनवर येणाऱ्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून एकच चेहरा आहे, सरळ तोंडाचा. तक्त्याचं पान उघडलं की सगळ्या सरळ रेघा, वरपासून खालपर्यंत. आधी तुला वाटलं, नवी जागा आहे, रुळेल. मग तुझा धीर सुटला. तू रजा काढून तिला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलंस, त्यांनी आणखी एका डॉक्टरांकडे पाठवलं. ती जेवते, अभ्यास करते, बोलावलं की येते, पण घड्याळ थरथरलं की तुझ्याकडे पाठ करून दाबते. डॉक्टर म्हणाले, मूल आतून बधिर झालंय, वरून दिसत नाही. तुझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. आणि शेवटी लिहितेस, "ताई, ती अगदी तुझ्यासारखी झालीये. तू तिला काय करून ठेवलंस?"

मी काय करणार? मी तिला पाव-दूध दिलं, पाढे घेतले, उवा काढल्या.

पण धाकटे, खारू आणि सरळ तोंड, हे मला पटत नाही. त्या पोरीला कधी काही लपवता आलं नाही. जेवण आवडलं की खाताना गुणगुणते, तुला ऐकू येतं का बघ. रडू येणार असलं की आधी नाकाचा शेंडा लाल होतो. खोटं बोलायचं असलं की एका पायावर उभी राहते. रागावली की बूट पलंगाखाली फेकते, अगदी भिंतीपर्यंत, म्हणजे काढायला आपण वाकलं पाहिजे. पावाच्या कडा काढून ठेवत असेल तर ठीक आहे. कडांसकट मुकाट्याने खात असेल तर मात्र काहीतरी बिनसलंय. हे बघ आणि मला कळव. डॉक्टरांनाही सांग, पण माझं नाव नको.

तू रात्र रात्र जागतेस हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटायला हवं, एवढं कळलं. त्या दिवशीचं काम मात्र छान झालं. एका म्हाताऱ्या शिंपिणीची कवळी होती, तिच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, दात फार सरळ नकोत, तिचे स्वतःचे जरा वाकडे होते. मी दोन दात वाकडे बसवले.

ताई


९ मार्च, रविवार

धाकटे,

तुझं दुसरं पत्र मिळालं. नीट वाचलं.

डॉक्टर म्हणतात, मुलीला ओळखीच्या घरी, ओळखीच्या माणसात परत ठेवून बघा. तू म्हणतेस, सुट्टी लागली की आणून सोडतेस, आणि नुसती सुट्टीपुरती नाही, पुढचं सगळं वर्ष. शाळेत पुन्हा नाव घालायचं, तू महिन्यातून एकदा येऊन भेटायचं. "माझ्या हाताने तुझ्या हवाली करतेय, ताई. मला जमलं नाही." हे वाक्य तू दोनदा गिरवलंयस.

मी हो म्हणते. तिची खोली तशीच आहे. चादर धुतली, खिडकीची कडी लागत नव्हती ती बसवून घेतली. स्टूल लॅबमध्येच आहे, त्यावर पॉलिशवाला आपला डबा ठेवायचा, त्याला उचलायला सांगितलं. त्याने ताबडतोब उचलला आणि फडक्याने पुसूनही ठेवलं. शाळेत चौकशी केली, जागा आहे. फाटकावरच्या बाई म्हणाल्या, "बघा, येते की नाही परत!"

तू पावाच्या कडांचं लिहिलं आहेस. कधी काढते, कधी खाते. आणि ती गुणगुणते का, ते तुला नक्की सांगता येत नाही, कारण तुमच्याकडे जेवताना टीव्ही चालू असतो. बरं.

घड्याळाच्या पाठीवर मेण बसलं होतं. काल खरवडून साफ केलं. बाकी विशेष काही नाही.

गाडीची वेळ कळव, मी स्टेशनवर येईन.

ताई


११ मार्च, मंगळवार

धाकटे,

रविवारचं पत्र काल पेटीत टाकलं, ते तुला आधी मिळेल. त्यातलं चादरीचं आणि स्टुलाचं सगळं सोडून दे आणि हे वाच.

तुझ्या फोनवर येतात ते चेहरे खारूचे नाहीत. माझे आहेत.

शनिवारी मेण खरवडलं तेव्हा खाली अक्षर दिसलं. ब. इतके दिवस मी तिचं घड्याळ खिशात घेऊन फिरतेय. मनगटाला लावलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, पट्ट्यावर तिच्या मनगटाच्या भोकाशी पडलेला वळ दिसला असता, पण आमच्या कामात हातात काही घालता येत नाही. तुम्ही निघालात त्या दिवशी दोन्ही फळीवर चार्जिंगला होती, शेजारी शेजारी. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, मी न बघता एक उपटलं आणि तिच्या पिशवीत टाकलं. पिशव्या बरोबर मोजल्या, घड्याळ चुकलं.

म्हणजे तू ज्या सरळ रेघा बघून घाबरलीस, डॉक्टरांना दाखवल्यास, त्या मी लॅबमध्ये, स्वयंपाकघरात, बसथांब्यावर दाबलेल्या आहेत. तीनदा रोज. आणि जे चेहरे बघून बाईंनी माझी पाठ थोपटली, ते तिकडे खारूने दाबलेले आहेत. मी माझा म्हणून जो तक्ता येतो तो कधी उघडून पाहिला नव्हता, शनिवारी पाहिला. सुरुवातीला दोन-तीन आठवडे रडके आहेत, जवळजवळ रोज. नंतर सगळे हसरे. एकही चुकलेला नाही. तुझी लेक सुखात आहे, धाकटे. तिला काही झालेलं नाही. तुला जमलंय.

हे मला शनिवारीच कळलं होतं आणि रविवारी मी तुला चादर धुतल्याचं लिहिलं. सरळ सांगते, मूग गिळून बसायचं ठरवलं होतं. मी काही करायचं नव्हतंच, नुसतं गप्प बसायचं होतं आणि ती आली असती. तुला कधी कळलं नसतं. इथे आल्यावर घड्याळं आपोआप जागेवर गेली असती, तिचा तक्ता हसरा झाला असता आणि डॉक्टर म्हणाले असते, बघा, आमचा सल्ला लागू पडला.

काल दिवसभर मी हेच मनात घोळवत होते आणि हात काम करत होते. मग एक गोष्ट ध्यानात आली. तू ज्या चेहऱ्यासाठी रजा काढलीस, दोन डॉक्टर गाठलेस, रात्रीची झोप घालवलीस, तो माझा चेहरा होता. तो बघून तू म्हणालीस, हिला काहीतरी झालंय, हिला असं सोडून चालणार नाही. तो माझा आहे हे तुला माहीत नव्हतं, ते सोड. पण माझ्यासाठी एवढं कुणी कधी जागलं नव्हतं. जागणाऱ्या माणसाला फसवायला हात धजला नाही. आपली आई गेली तेव्हाही तुला मीच झोपवलं होतं.

तेव्हा तिला पाठवू नकोस. तिचं तिथे चांगलं चाललंय, ते मोडू नकोस. डॉक्टरांना काय सांगायचं ते सांग. माझ्यावर ढकललंस तरी चालेल, चूक माझीच आहे. पॉलिशवाल्याला मी स्टुलावर डबा ठेवायला सांगितलं. तो ठेवत नाहीये.

हे लिहितानाही मला काही होत नाहीये. दुपारी घड्याळ थरथरलं तेव्हा दाबायला घेतलं आणि थांबले, म्हटलं आता हे कुणाच्या नावावर जाणार? मग दाबलं. सरळ तोंडाचा.

ताई


२ एप्रिल, बुधवार

धाकटे,

तुझं पत्र सोमवारी लॅबच्या पत्त्यावर आलं. मी एका हाताने उघडलं, दुसऱ्या हातात गरम मेणाची सुरी होती. तिसऱ्या ओळीला सुरी ठेवून दिली.

तू माझ्यावर ओरडशील असं वाटलं होतं. घड्याळ बदललं, सांगायला उशीर केला, यावर तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. तू खारूला समोर बसवलंस, टीव्ही बंद केलास आणि तिला विचारलंस. तुमचं बोलणं तू जसंच्या तसं उतरवलंयस, आणि मी ते इथे पुन्हा लिहून काढतेय, कारण हात त्याच्याशिवाय दुसरं काही लिहायला तयार नाही.

"हे घड्याळ माऊचं आहे, तुला माहीत होतं?"

"हो. मागे अ आहे ना."

"कधीपासून माहीत होतं?"

"रडके दाबत होते तेव्हा नव्हतं माहीत. ते माझे होते. मग एकदा मागे बघितलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू परत पाठवलं असतंस."

"अगं, पण मग त्यात रोज हसरा कोणाचा दाबत होतीस?"

"माऊचा. तिच्या हाताला मेण असतं, आई. तिचं मीच दाबते. मी नसले तर कोण दाबणार?"

"पण तुला इथून ती दिसते का?"

"नाही दिसत. म्हणून हसराच दाबते."

"आणि तुझं काय? तू कशी आहेस?"

"माझं घड्याळ माऊकडे आहे ना. ती दाबते माझं."

मी हे वाचलं आणि धाकटे, सुईचा अंमल उतरताना काय होतं ते आमच्या गिऱ्हाइकांकडून खूपदा ऐकलंय, आधी ओठ जड होतो, मग मुंग्या येतात, मग एकदम सगळं येतं. तसं झालं. स्टुलावर बसले. आधी आवाजच फुटेना, मग असा फुटला की मालक आतून धावत आले, त्यांना वाटलं मी भाजले. पॉलिशवाल्याने चाक बंद केलं. त्याने आपला रुमाल दिला, तो पॉलिशच्या पावडरीने भरलेला होता, मी त्यानेच तोंड पुसलं तर तोंडभर पांढरं झालं. मालक म्हणाले, "घरी जा." मी म्हटलं, "घरी जाऊन काय करू?" हे मी मोठ्याने म्हणाले, सगळ्यांदेखत.

पोर इतके महिने तिकडे बसून माझ्या वाटचं हसत होती. आणि ती निर्धास्त होती, की तिच्या वाटचं मी बघून घेतेय. मी काय बघितलं? तिच्या घड्याळावर माझं सरळ तोंड दाबत बसले. आणि वर तुला ठामपणे लिहिलं, ती सुखात आहे. कशावरून लिहिलं? तिने माझ्यासाठी काढलेल्या चेहऱ्यावरून. तू माझ्याकडे बघून तिला आजारी ठरवलंस, मी तिच्या मायेकडे बघून तिला सुखी ठरवलं, आणि ती बिचारी आपली पावाच्या कडा कधी काढते, कधी खाते.

बरं केलंस की तू पुढे तिला विचारत राहिलीस. तासभर बोलत होती म्हणतेस. वर्गातली एक मुलगी आवडते, तिला सात मांजरं आहेत. तुमच्या इमारतीचा जिना आवडत नाही, दिवा नसतो. तू आवडतेस, पण तू घाईत असलीस की भीती वाटते. माऊ एकटी जेवते का, याची काळजी वाटते. आणि दारात माऊ का रडली नाही, ते तिला तिथल्या कुणालाच विचारता आलं नाही. हे तू लिहिलंस, तुझ्यावरचंही लिहिलंस, लपवलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर घाईतलं वाक्य गाळलं असतं.

कुठे राहायचं ते तिलाच विचारून, तिघी एकत्र बसून ठरवू, असं म्हणतेस. ठरवू. ती तुझ्याकडे राहते म्हणाली तर मला आता दुखेल, हे आधीच सांगून ठेवते. तू गोंधळू नकोस, मीही गोंधळणार नाही. जिन्यात दिवा मात्र लावून घे, लगेच.

चेहरेवाल्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन्ही तक्ते रद्द करावे लागतील." मी म्हटलं, "करा." तुझी परवानगी असेल तर मला त्यांच्या प्रती मात्र हव्या आहेत, दोन्ही.

सोमवारपासून मी तिच्या घड्याळावर काहीच दाबलेलं नाही. थरथरतं, चेहरे येतात, वाट बघतात आणि जातात. तिचं तोंड दिसल्याशिवाय मी तिच्या नावावर आता बोट टेकवणार नाही.

पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, सुट्टीत आणू का तिला, आम्ही दोघी येऊ का? विचारतेस काय? गाडीची वेळ कळव. अंडी तीन उकडते.

आणि माझी पत्रं तिला वाचून दाखव, दात गालात ठेवल्याचं सोडून सगळं. तिला सांग, दारात माऊला रडू आलं नव्हतं, ते वाटेत कुठेतरी अडकलं होतं, सोमवारी पोचलं. आजही येतंय, हे लिहिताना येतंय. तेव्हा माऊचं आता हसरं दाबू नकोस म्हणावं, रडकं दाब. आणि खोटं वाटत असेल तर इथे येऊन बघ म्हणावं.

ताई